खऱ्या बिबट्याच्या गावात खोटा बिबट्या

आपल्याकडच्या मुलाला "बिबट्या-बिबट्या काही नसतं, झोप आता" असं म्हणता येत नाही. शहरात सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या आईला ते म्हणता येत असेल. शिरूरच्या बेट भागात किंवा दौंडला भीमेच्या काठी वस्तीवर राहणाऱ्या आईच्या तोंडून ते वाक्य निघत नाही. दारासमोर ऊस उभा असतो, आणि उसात काय असू शकतं ते मुलालाही माहीत असतं.

गेल्या वर्षीची दिवाळी आठवली की अजून पोटात गोळा येतो. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५, या तीनच आठवड्यांत बेट भागातल्या पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात बिबट्यानं तिघांचा जीव घेतला. त्यातली दोन लेकरं होती. लोक चिडले, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, वनखात्याची गाडी पेटवली गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बिबट्याला गोळी घालून मारण्यात आलं. त्यानंतरही शेतात जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला बसत होत्या. हे सगळं आपल्या मुलांनी पाहिलं, ऐकलं. मोठ्या माणसांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, तिथं त्यांची काय कथा.

आणि नेमक्या त्याच दिवसांत फोनमधला बिबट्याही सुरू झाला. कुणाच्या गच्चीवर बसलेला, कुणाच्या पार्किंगमध्ये फिरणारा, भिंतीवरून थेट अंगणात उडी मारणारा. त्यातले काही व्हिडिओ खरे होते. काही जुने, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातले. आणि बरेचसे कुठेच घडलेले नव्हते, एआयनं बनवलेले होते. शेवटी आपल्या पुणे जिल्ह्यात वनखात्याला सांगावं लागलं, की असली बनावट चित्रं पसरवू नका, पसरवली तर कारवाई होईल. तिकडं लखनौमध्ये तर घरात बिबट्या शिरल्याचा एआयचा फोटो पसरवणाऱ्या तरुणाला त्याच ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी पकडलं होतं.

माझं सासर शिरूर तालुक्यात, माहेर दौंडला. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यानं येणं-जाणं असतं. एसटीत, लग्नात, डेअरीवर, जिथं चार आया भेटतात तिथं बोलणं फिरून फिरून याच गोष्टीवर येतं: पोरं फोनमध्ये काय बघतात आणि त्यातलं खरं किती. म्हणून वाटलं, हे मनातलं तुमच्याशी बोलावं.

आधी आपलंच बोलू. संध्याकाळी भाकरी थापायच्या असतात, गोठा बाकी असतो, मालक रांजणगावला नाहीतर कुरकुंभला दुसऱ्या पाळीला गेलेले असतात. लेकरू मागं मागं फिरत असतं. आपण फोन देतो. सगळेच देतो. त्यात वाईट हेतू कुठं असतो? तेवढा अर्धा तास त्यानं एका जागी, घराच्या आत, डोळ्यांसमोर बसावं एवढीच इच्छा असते. बिबट्याच्या दिवसांत तर बाहेर खेळायला पाठवायचीही सोय नव्हती. मग त्या अर्ध्या तासात फोन त्याला बिबट्या दाखवतो.

माझा धाकटा पाचवीत आहे. त्या दिवसांत तो एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायचा. रात्रीचा सीसीटीव्ही वाटावा असा करडा रंग, पत्र्याच्या छपरावरून सरकणारा बिबट्या. झोपेत दचकायचा, मागच्या दाराशी लघवीला जायला तयार नसायचा, पण सकाळी उठला की परत तोच व्हिडिओ. एवढी भीती वाटते तर बघतोस कशाला, असं विचारलं. तो म्हणाला, "कुठून येतो ते बघून ठेवतोय."

ते ऐकून माझ्या मनात बराच उलगडा झाला. मूल मजा म्हणून बघत नसतं. ते तयारी करत असतं. आपण जसे रात्री पाणी धरायला जाण्याआधी बॅटरी तपासतो, तसं ते आपल्या परीनं धोका ओळखून ठेवत असतं. आणि आपण म्हणतो, "बंद कर ते, वेड्यासारखं काय बघतोस!" म्हणजे भीती तशीच राहते, वर ती लपवायचीही असते.

पण ज्याच्याकडून ते शिकतंय तो बिबट्या यंत्रानं बनवलेला आहे. तो पत्र्यावरून येतो, खिडकीतून बघतो, भर दुपारी स्टँडवर हिंडतो. मग मूल छपराकडं बघत झोपतं. आणि खऱ्या बिबट्यापासून जपायचं ते वेगळंच राहून जातं. खरा बिबट्या शक्यतो माणसाला टाळतो. तो अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत जास्त फिरतो. खाली वाकलेलं, बसलेलं माणूस किंवा एकटं लहान मूल त्याला सावजाएवढं दिसतं. म्हणून तिन्हीसांजेला उसाच्या कडेला एकट्यानं बसायचं नाही, घोळक्यानं चालायचं, मोठ्यानं बोलत जायचं, बॅटरी बरोबर ठेवायची, दाराबाहेर उजेड ठेवायचा. एवढं आपल्या गावातलं शेंबडं पोरही शिकू शकतं. खोट्या व्हिडिओनं भीती वाढते आणि शहाणपण मात्र मिळत नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

धाकट्याला मग आम्ही "ते खोटं आहे" एवढ्यावर सोडलं नाही. त्याची भीती खरी होती, आणि ती खऱ्या गोष्टीबद्दल होती. त्याच्यासमोरच जांबूतकडं राहणाऱ्या नात्यातल्या मामांना फोन लावला. "मामा, पत्र्यावरचा बिबट्या तुमच्याकडचा का?" मामा म्हणाले, "आमच्याकडं पत्र्यावर कुणी पाहिला नाही बाबा. उसाच्या बांधाला ठसे दिसले होते, वनरक्षक येऊन बघून गेले." मग मामांनी त्याला पिंजरा कसा लावतात, त्यात शेळी कुठं बांधतात, ते सविस्तर सांगितलं. पोरगं तो फोन ठेवेना. त्या रात्री भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न बदलले. छपराचे प्रश्न थांबले आणि "आपल्या गावात पिंजरा कोण लावतं?" हे सुरू झालं.

हे आपल्याकडं अजून आहे, याची मला फार किंमत वाटते. शिरूर-दौंडमध्ये असं गाव सापडणार नाही जिथं आपल्या कुणाचं तरी कुणी नाही. मांडवगणला आत्या, पाटसला मावसभाऊ, कवठ्याला मैत्रिणीचं सासर. "आत्ता इथे बिबट्या दिसला" असं कुणी टाकलं, तर दोन फोनमध्ये खरं-खोटं होतं. मोठ्या शहरातल्या मुलाला शेजारच्या इमारतीतलं कोण माहीत असतं? आपल्या मुलाला फोन करायला माणूस आहे. ती सवय लावायची तेवढी.

आता हे व्हिडिओ येतात कुठून, तेही मुलांना सांगायला हवं. आपल्याला अर्धवट माहीत असलं की आपण "हॅकर लोक असतात" असं काहीतरी सांगून मोकळे होतो. मूल तेवढ्यावर गप्प बसतं, पण त्याला काही कळलेलं नसतं.

चार ओळी लिहून दिल्या की व्हिडिओ बनवून देणारी साधनं आता कुणाच्याही हातात आहेत. ३० ऑक्टोबर २०२५ला, आपल्याकडं तिसरा हल्ला होण्याच्या तीनच दिवस आधी, जिओनं गूगलचं जेमिनी प्रो अठरा महिने फुकट देण्याचं जाहीर केलं. सुरुवात अठरा ते पंचवीस वयाच्या पोरांपासून. त्यात व्हिडिओ बनवण्याची सोयही आली. ज्या पोरांच्या हातात ते आलं त्यातल्या बहुतेकांनी अभ्यासाला, कामाला वापरलं असेल. पण गंमत म्हणून आपल्या चौकात बिबट्या उभा करणाराही एखादा निघतोच. त्याला वाटतं, मित्र हसतील. तो व्हिडिओ संध्याकाळी एखाद्या वस्तीवर पोचतो, आणि तिथली म्हातारी रात्रभर दाराला खाट लावून बसते.

गंमत करणाऱ्यापलीकडं धंदा करणारे आहेत. लोक जिथं थांबून बघतात, तेच आणखी लोकांना दाखवायचं, असा या फेसबुक-इन्स्टाग्राम-यूट्यूबचा हिशेब असतो. भीतीपुढं माणूस थांबतो. जितकं जास्त बघितलं जाईल, तितके जाहिरातीचे पैसे, तितकं ते पान वाढतं, आणि वाढलेलं पान पुढं विकताही येतं. त्यांना ना पिंपरखेड माहीत, ना आपली पोरं.

आणि त्या व्हिडिओखाली "आमच्या इथं पण आलाय", "हो, मी स्वतः पाहिला", "सरकार झोपलंय का" असं लिहिणारे? त्यातही बऱ्याचदा माणूस नसतो. एकच प्रोग्रॅम शेकडो खाती चालवतो, लाइक देतो, ठरावीक वाक्यं लिहितो. काही ठिकाणी तर मांडणीवर ओळीनं शेकडो फोन लावून हेच काम चालतं. किती मोठा हा पसारा? फेसबुकनं २०१९च्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारे २२० कोटी बनावट खाती काढून टाकली होती. बहुतेक तर उघडल्या उघडल्या काही मिनिटांत पकडलेली. आपल्या अख्ख्या देशाची लोकसंख्या त्याहून कमी आहे. इम्परव्हा नावाच्या सुरक्षा कंपनीच्या हिशेबानुसार २०२४मध्ये इंटरनेटवरची ५१ टक्के वर्दळ माणसांची नव्हतीच, यंत्रांची होती. त्यातली सगळी वाईट नाही, शोध घेणारी, हवामान सांगणारी यंत्रंही त्यातच आली. पण ३७ टक्के वाईट कामाची होती, असं तेच म्हणतात.

हे आकडे मी थोरलीला सांगितले. ती नववीत आहे. ती पटकन म्हणाली, "म्हणजे पन्नास जणांनी कमेंट केली तरी पन्नास जण नसतील?" नसतीलच असं नाही, पण असतीलच असंही नाही. लहानपणापासून आपण मुलांना शिकवलेलं असतं, की चार लोक सांगतात ते ऐकावं. ते चुकीचं नव्हतं. फक्त ते चार लोक चेहऱ्यानं माहीत असायचे.

म्हणून आता आमच्या घरात एकच प्रश्न विचारायचा ठरलाय: पाहिलं कुणी? "सगळे म्हणतायत" हे उत्तर चालत नाही. नाव असलेलं, फोन लावता येईल असं माणूस हवं. चित्र नीट निरखून, बोटं मोजून, पाटीवरची अक्षरं वाचून खोटं ओळखायच्या युक्त्या मुलं शाळेत शिकतात, शिकू देत. पण ही यंत्रं दर महिन्याला सुधारतायत. आज ओळखू येतं ते उद्या येईलच असं नाही. "पाहिलं कुणी?" हा प्रश्न मात्र जुना होत नाही.

घरातल्या मोठ्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. खरंय. बहुतेक घरांत असले व्हिडिओ सासूबाईंच्या किंवा आपल्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढं जातात. आपण काळजीनंच पाठवतो. "पोरांना बाहेर सोडू नका गं" एवढंच मनात असतं. त्यासाठी कुणाला घालून पाडून बोलायचं नाही. सासूबाईंना मुलांसमोर "आई, तुम्ही काहीही पाठवता" म्हटलं, तर त्या पुढच्या वेळी खरं दिसलेलंही सांगणार नाहीत.

पण काळजीनं पाठवलेल्या निरोपाचं काय होऊ शकतं, हे आपल्या महाराष्ट्रानं एकदा भोगलंय. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे निरोप आधीच फोनोफोनी फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं त्या संशयावरून ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणारा मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा होता. शेवटी सगळं नाटक आहे हे सांगणारा भाग कापून तो पुढं पाठवला गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एकाच वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढं पाठवायला बंदी घातली. निरोप पाठवणाऱ्या कितीतरी आया-बापांना फक्त आपलं लेकरू जपायचं होतं. मला ही गोष्ट सहन होत नाही, पण मोठ्या मुलांना ती सांगायला हवी असं वाटतं. बिबट्याच्या वेळी आपल्याकडंही माणसं किती चिडली होती, ते आपण पाहिलंय.

आता थोडं थोरल्या मुलांबद्दल. त्यांचा त्रास बिबट्याचा नसतो. आकड्यांचा असतो.

ओळखीतल्या एका मुलीनं दिवाळीत रांगोळीचा व्हिडिओ टाकला. फॉलोअर भराभर वाढले. पोरगी हवेत. दोन महिन्यांनी एका रात्रीत त्यातले कितीतरी गायब. कंपन्या अधूनमधून बनावट खाती साफ करतात, तेव्हा असं होतं. पण त्या मुलीला ते कसं कळणार? तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, आपण कुणाला आवडेनाशा झालो. ती दोन दिवस जेवली नाही नीट. आई म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीवरून?" आपण सगळेच म्हणतो तसं. पण तिच्यासाठी ती एवढीशी गोष्ट नव्हती. वर्गातल्या मुली एकमेकींचे आकडे बघत असतात.

तिला मी मुंबईची गोष्ट सांगितली. २०२०च्या जुलैत गायिका भूमी त्रिवेदी यांनी आपल्या नावाचं बनावट इन्स्टाग्राम खातं चालवलं जातंय अशी तक्रार केली, आणि मुंबई पोलिसांच्या हाती फॉलोअर विकण्याचा अख्खा धंदा लागला. पैसे भरायचे आणि लाइक, फॉलोअर घ्यायचे. विकत मिळणारी, नसलेली माणसं. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, मग ती वरच्या वर्गातली आहे ना, तिचे पण विकतचे असतील?" मी म्हटलं, असतील-नसतील, ते मला माहीत नाही. तुझी रांगोळी प्रत्यक्ष बघून कोण थांबलं होतं ते सांग. तिनं चार नावं सांगितली. चौघीही गल्लीतल्या.

त्यातून तिचं दुःख लगेच गेलं नाही. मुलांचं असं लगेच काही जात नाही. पण त्या चार नावांवर आम्ही बराच वेळ बोललो.

मुलग्यांच्या आयांना एक वेगळं सांगायचंय, आणि ते सांगताना मला संकोच वाटतोय. गोड फोटोची अनोळखी "मुलगी" मैत्रीची विनंती पाठवते, दोन दिवस छान बोलते, मग व्हिडिओ कॉल करते, आणि नंतर फोटो सगळ्यांना पाठवीन अशी धमकी देऊन पैसे मागते. पलीकडं मुलगी नसतेच बऱ्याचदा. पोरगं मात्र आतून मरतं. ते आपल्याला सांगत नाही, कारण फोन काढून घेतील आणि बाबा मारतील ही दोन भयं त्याला धमकीपेक्षा मोठी वाटतात. आजच, काही झालेलं नसताना, त्याला सांगून ठेवा: असं काही झालं तर मी फोन काढून घेणार नाही, ओरडणार नाही, आधी तुझ्याबरोबर बसेन. पैसे द्यायचे नाहीत, बोलणं खोडायचं नाही, ते पुरावा असतं. सायबर पोलिसांची मदतवाहिनी १९३०, मुलांसाठी १०९८. वडिलांनीही हे एकदा आपल्या तोंडानं म्हणावं. पोरांना वडिलांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं लागतं.

आणखी एक गोष्ट हल्ली एसटीत बायका दबक्या आवाजात बोलतात. पोरं एआयशी बोलत बसतात. अभ्यासापुरतं नाही, मनातलं. कुणी त्याला नाव दिलंय, कुणी त्याला भाऊ म्हणतं. आपल्याला धक्का बसतो. पण जरा बघा, ते मशीन काय करतं? मध्येच तोडत नाही. "आधी डबा धुऊन ठेव" म्हणत नाही. रात्री अकरालाही कंटाळत नाही. आपण दिवसभर राबून तव्यावरची भाकरी उलटताना "हं, हं" करतो, आणि मुलाला कळतं की आपलं लक्ष तव्यावर आहे. आपली चूक नाही ती, दमणूक आहे. पण मूल तिकडं वळतं ते अशाच फटीतून.

मात्र ते मशीन मुलाला चांगलं वाटावं, त्यानं पुन्हा यावं, यासाठी बनवलेलं असतं. त्याला मुलाचं भलं-बुरं भोगावं लागत नाही. मुलांच्या बाबतीत झालेल्या तक्रारींनंतर कॅरेक्टर एआय या कंपनीनं नोव्हेंबर २०२५मध्ये अठरा वर्षांखालच्यांना तिथल्या पात्रांशी मोकळ्या गप्पा मारणं बंद केलं. इतर कंपन्याही आता काही बंधनं आणतायत. पण आपल्या घरात बंधनापेक्षा जागा लागते. मी एवढंच केलंय, की झोपताना दिवा बंद केल्यावर दहा मिनिटं थोरलीच्या शेजारी पडते. काही विचारत नाही. अंधारात मुलं बोलतात. कधी कधी दहा दिवस बोलत नाहीत आणि मग एकदम बोलतात.

एक छोटी, पण कामाची गोष्ट राहिली. इन्स्टाग्रामसाठी तेरा वर्षं पूर्ण लागतात. फेब्रुवारी २०२५पासून भारतातही तेरा ते सतरा वयाच्या मुलांना वेगळी, बंदिस्त खाती मिळतात. त्यात खातं खासगी असतं, अनोळखी माणूस मेसेज पाठवू शकत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायला आईवडिलांची परवानगी लागते. पण हे कधी लागू होतं? खात्यात खरं जन्मसाल असेल तर. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी मुलाच्या हट्टापुढं, घाईत, स्वतःच्या हातानं २००० नाहीतर १९९८ साल भरून दिलेलं असतं. त्या खात्याला कंपनी पंचवीस ते अठ्ठावीस वर्षांचा माणूस समजते. रविवारी दुपारी मुलाशेजारी बसून तेवढं दुरुस्त करा. चोरून नको, त्याच्या देखत. कुरकुर करेल, करू दे.

सरकारही हालचाल करतंय. एआयनं बनवलेल्या चित्रा-व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे असा नियम फेब्रुवारी २०२६पासून आला आहे. चांगलं आहे. पण जो गंमत म्हणून किंवा धंद्यासाठी बनवतो तो काय आपणहून शिक्का मारणार आहे? आणि शिक्का असला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तिसऱ्या-चौथ्या हाताला पोचेपर्यंत कुणीतरी तो कापलेला असतो. त्यामुळं कायद्याची वाट बघून चालणार नाही.

दिवाळीच्या पुढं-मागं पुन्हा कारखान्यांचे बॉयलर पेटतील. तोड सुरू होईल. उसाची शेतं मोकळी होऊ लागली की बिबटे आणि त्यांची पिल्लं हलतात, हे आपल्याला दरवर्षीचं माहीत आहे. म्हणजे खरा दिसण्याचेही तेच दिवस आणि खोटा फिरण्याचेही. त्याआधी एक काम मुलांकडूनच करून घ्यायचं मी ठरवलंय, तुम्हीही बघा जमतं का. एका कागदावर, त्यांच्याच अक्षरात, वनखात्याची मदतवाहिनी १९२६, आपल्या भागातल्या वनरक्षकांचा नंबर, पोलीस पाटलांचा, आणि आजूबाजूच्या तीन-चार गावांतल्या आपल्या माणसांचे नंबर लिहून कागद फोन चार्जिंगला लावतो तिथं चिकटवायचा. वनरक्षकांचा नंबर नसेल तर पोलीस पाटलांकडं मिळेल. आणि पहिला फोन मुलालाच लावू द्यायचा, काही दिसलेलं नसतानाही, नुसता विचारायला: "मामा, तुमच्याकडं काय हालहवाल?"